मागून जेवणारी

हसीनाबीने भिमाच्या पोटावरून हात काढला, पदराला पुसला आणि दाराकडे न बघताच म्हणाली,

"काय न्हाई."

दारात ठकूबाई उभी होती, भिमाची सासू. सकाळपासून ती उंबऱ्यावरून हलली नव्हती.

"काय न्हाई म्हंजी?"

"म्हंजी दिवस न्हाईत. पोट रिकामं हाय."

"मग सा म्हयनं ही बाहेर बसली न्हाई ती का?"

भिमा घोंगडीवर तशीच आडवी होती. तिने लुगडं सारखं केलं आणि आढ्याकडे बघत राहिली. सहा महिने सासूने तिला पोटुशी म्हणून पार आंबवड्यापर्यंत मिरवली होती, देवीला खण-नारळ बोलली होती. पोटुशीने राबावं, बाळंतपण हलकं जातं, म्हणून तिच्या हातातलं मुसळ सुटू दिलं नव्हतं. पोटुशीने फार खाऊ नये, पोर थोराड होतं, म्हणून ताटातली भाकर वाढू दिली नव्हती. आता ते सगळं अंगाशी आलं होतं, आणि कुणाच्या अंगाशी यायचं हे त्या घरात ठरलेलंच होतं.

हसीनाबी भोरची सुईण. त्या खोऱ्यातली निम्मी पोरं तिच्या हातात पडली होती. सोवळ्याच्या घरांतूनसुद्धा ऐनवेळी तिलाच बोलावणं जाई, आणि ती गेल्यावर जमीन सारवून घेतली जाई. तिला ते ठाऊक होतं. तिने भिमाचं मनगट धरून हात वर उचलला. बांगड्या घसरत कोपराला जाऊन थांबल्या.

"हिला खायाला काय देता?"

"समदी खात्यात त्येच खाती."

"समद्यांबरूबर खाती, का समद्यांच्या मागनं?"

"सून मागनंच जेवती," ठकूबाई म्हणाली. "तुमच्यात जेवत असतील आदी."

"आमच्यातबी मागनंच जेवती. म्हनून तर इचारलं."

ठकूबाईच्या नाकपुड्या फुगल्या. हसीनाबीने तिकडे लक्ष न देता भिमाकडे तोंड केलं.

"घाटाचा रस्ता व्हत हुता तवा तितं खडी फोडाया बाया हुत्या. तुज्याच वयाच्या पोरी. दिसभर हातोडा, सांजंला मूठभर वरी, आन् वरनं मुकादमाच्या शिव्या. निम्म्या पोरींचं बंद झालं हुतं. कुनी देवरुशी केला, कुनी करनी काढली. पावसाळ्यात काम थांबलं. पोरी आपापल्या घरला गेल्या, दोन-तीन म्हयनं पोटभर जेवल्या, सुखानं निजल्या, आन् आपसूक परत सुरू झालं. अंगाला आदी जगायचं असतंय, बाई. पोटात अन्न न्हाई, जिवाला घोर, मग त्यानं सांडाया रगत आनायचं कुठनं?"

"म्हंजी माझ्या घरात सून उपाशी हाय, असं गावात सांगत सुटनार व्हय तू?" ठकूबाई म्हणाली.

"म्या कशाला सांगू? तिचं हात सांगत्यात."

ठकूबाईने तिला हातावर तांदूळसुद्धा न घालता वाटेला लावलं, वर पुन्हा उंबरा चढू नकोस म्हणून सांगितलं, आणि सुनेकडून जमीन सारवून घेतली. भिमाने शेणाचा हात फिरवता फिरवता हसीनाबीचा शब्दन् शब्द मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिला. तिला त्यातलं काहीच खोटं वाटलं नाही.

ठकूबाई मनाने वाईट नव्हती असं तिच्यामागे बरेच जण म्हणत. म्हणोत बापडे. भिमा त्या घरात येऊन चार वर्षं झाली होती, तिला वीस सरून एकविसावं लागलं होतं. पहाटे जातं, मग ओढ्यावरून पाण्याच्या खेपा, मग दोन पायल्या भात कांडायचा, मग डोंगरात लाकडाला. बाजारच्या दिवशी डोईवर तांदळाचं गठुडं घेऊन तीन कोस भोरला जायचं आणि परत यायचं. तो तांदूळ घरात शिजत नसे. घरात नाचणीची भाकर. आधी तिचा नवरा कुंडलिक जेवायचा, मग दोन गडी, मग ठकूबाई, आणि त्यांच्या मागून दुरडीत जे उरेल ते भिमाचं. कधी अर्धी भाकर उरे, कधी पाव. काही नाही उरलं तर आंबिलीचं भांडं विसळून प्यायचं. याला कुणी उपास म्हणत नव्हतं, कारण उपास देवासाठी असतो.

पोटभर जेवण तिला मिळायचं ते महिन्याचे तीन दिवस. ठकूबाईच्या घरात देवीचा देव्हारा होता, त्यामुळे वाडीतल्या इतर घरांपेक्षा तिथे विटाळचंडाळ जास्त. बाहेरची झाली की सुनेने पडवीच्या टोकाला बसायचं, कशाला शिवायचं नाही, सासूने वरून ताट वाढायचं. आणि ती पडवी होती वाटेवर. जाणारी येणारी बाई थांबायची, ताटात डोकवायची. ठकूबाईला नावाची फार काळजी. तेव्हा त्या ताटात अडीच भाकरी पडायच्या, वर कोरड्यास, वर घरात कधी न शिजणारा भातसुद्धा. भिमा तीन दिवस बसून जेवायची आणि दुपारी चक्क डुलकी काढायची. ते सहा महिन्यांपूर्वी थांबलं. पोटाला नाही म्हणून विटाळ थांबला आणि विटाळ थांबला म्हणून पोटाला मिळायचं तेही गेलं.

हसीनाबी गेली आणि आठवड्याच्या आत ठकूबाईचा भाऊ सावळाराम विंझरहून आला. ओसरीवर बसून पान लावता लावता त्याने आपली मुलगी रतन हिचा विषय काढला. खरं तर विषय बहिणीनेच निरोप धाडून काढायला लावला होता, पण रीत म्हणून त्याने काढला.

"अठरा सरलं तिला. हाडापेरानं दनकट हाय," तो म्हणाला. "पन आक्का, पयली हाय ना घरात."

"पयली हाय तर ऱ्हाऊ दे. म्या काय तिला हाकलती? भाकर खाईल, काम करील. वंश कुठनं आनू म्या?"

भिमा आत चुलीपाशी होती. तिने कान दिला तो नवऱ्याच्या आवाजाकडे. कुंडलिक बैलाची दावी वळत बसला होता. हातातल्या दाव्याला गाठ मारून तो बोलला.

"आई म्हनंल तसं."

तो भांडखोर नव्हता, दारू पीत नव्हता, बायकोवर हात टाकत नव्हता. तो कधी काहीच करत नव्हता, आणि भिमाला त्याचा राग आला तो याच गोष्टीचा. तिच्या माहेरी भाटघरला एक भाऊ होता आणि भावजय होती. आईबाप गेल्यावर ती तिथे एकदाच गेली होती, तेव्हा भावजयीने पहिल्याच संध्याकाळी विचारलं होतं, कवा जानार? तिथे परत तोंड दाखवायची सोय नव्हती. तिला हे घर सुटलं तर वाटच होती फक्त.

वैशाखात रतन आली. गोल हात, गोल चेहरा, आणि हसली की हिरड्या दिसायच्या. ती ठकूबाईला आत्या म्हणायची आणि भिमाला पहिल्याच दिवशी आक्का म्हणून मोकळी झाली. सवत म्हणून तिने जरा तरी फणकारा दाखवला असता तर भिमाला सोपं गेलं असतं.

पहिला महिना भाचीचे लाड झाले. रतन बाहेर बसली तेव्हा ठकूबाईने तिच्या ताटात तीन भाकरी टाकल्या आणि वाटेवरच्या बायांना हाक मारून दाखवलं की बघा, कसं येळच्या येळी. मग पाऊस पडला, चिखलणी झाली आणि भाताची आवणी तोंडावर आली. भिमा नेहमीसारखी इरलं घेऊन निघाली, तेव्हा ठकूबाईने तिला अडवलं.

"तू नगस."

"का, आत्याबाई?"

"वांझेच्या हातानं आवन लावली तर लोंब्या भरत न्हाईत. बियाण्याला शिवू नगस, रोपाला शिवू नगस. कांडन-बिंडनबी रतनच करंल. तू चुलीपुढं बस. चूल काय, तिला कुटं पिकायचंय."

वाटेवर चार बाया उभ्या होत्या. त्यातल्या एकीने जीभ चावली, बाकीच्यांनी ऐकून घेतलं. भिमा इरलं खुंटीला लावून चुलीपुढे जाऊन बसली. त्या दिवशी भाकरी थापताना पिठात पाणी किती पडलं ते तिला दिसत नव्हतं, इतके डोळे भरले होते.

तिचं भलं झालं ते त्या अपमानाने. रतन पहाटे चिखलात जायची ती दिवस कलल्यावर यायची, मग मुसळ, मग पाणी. भिमा घरात. भाजताना मोडलेली भाकर तोंडात टाकायला कुणाची परवानगी लागत नव्हती. ठकूबाईला एकटीला जेवायचा कंटाळा, म्हणून तिने एक दिवस भिमाला समोरच बसवून घेतलं, आणि पुढे तेच चालू राहिलं. सगळ्यांच्या मागून जेवणारी आता रतन होती.

सुरुवातीला भिमाने तिच्यासाठी एक भाकर फडक्यात गुंडाळून ठेवली होती. ठकूबाईला ती सापडली.

"ही कुनाला?"

"रतनला. लई दमून येती."

"ती काय पाव्हनी हाय? उरंल ते खाईल. म्या न्हाई खाल्लं? माझी सासू तर मला आंबीलबी ठेवायची न्हाई."

ते खरं असणार. ठकूबाईच्या आवाजात त्याची नुसती तक्रार नव्हती, एक ऐट होती. भिमाने भाकर परत दुरडीत ठेवली, आणि पुन्हा काही झाकून ठेवायच्या भानगडीत पडली नाही. दोन दिवस तिला त्याचं वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी पाऊस फार होता आणि ती विसरली.

आश्विनात एका सकाळी ओढ्यावर भांडी घासताना भिमाच्या पोटात ओळखीची कळ आली. ती उठून करवंदीच्या जाळीमागे गेली, आणि तिथे उभ्या उभ्या तिला हसू फुटलं. तोंडावर पदर दाबून ती हसली. कधी काळी याच गोष्टीचा तिला किळस यायचा. घरी येऊन तिने अंगणातूनच सांगितलं,

"आत्याबाई, म्या बाहेरची झाले."

ठकूबाईने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. भिमाच्या बांगड्या आता मनगटातच राहायच्या. हे पहिल्यांदाच दिसल्यासारखं तिने पाहिलं.

"आत्ता व्हय? आत्ता काय करू त्याला?" ती म्हणाली. "बस तिकडं."

हसीनाबीचं नाव दोघींच्याही तोंडावर आलं नाही. तीन दिवस भिमा पडवीच्या टोकाला बसली आणि चूल रतनकडे गेली, वरून शेत होतंच. भिमाला ताट वाढायलाही तीच यायची. ती वाकून अडीच भाकरी वरून टाकायची, भात टाकायची, आणि क्षणभर त्या ताटाकडे बघत उभी राहायची. भिमा खाली मान घालून सगळं संपवायची.

त्या महिन्यात रतन बाहेर बसली नाही. मागच्या महिन्यातही बसली नव्हती. ठकूबाईला ते कळलं तेव्हा तिने भरल्या घरात देवीला साखर ठेवली. सावळाराम विंझरहून पेढे घेऊन आला. हसीनाबीला बोलावून एकदा बघून घ्यावं, असं कुंडलिकने चाचरत सुचवलं. ठकूबाई उसळली.

"ती भवानी? मागल्या येळंला माझ्या अब्रूवर उठली हुती. माझी भाची हाय, मला कळत न्हाई?"

भिमाला मात्र कळत होतं. रतनचा चेहरा आता गोल नव्हता. पाण्याची घागर उतरवताना ती भिंतीला टेकून थांबायची, केस विंचरले की मूठभर फणीत यायचे, आणि हसणं बंद झालं होतं. त्यात पोर द्यायचंय या धास्तीने ती रात्री टक्क जागी असे. हे दिवस गेल्याचं लक्षण नव्हतं. हे सगळं भिमाने स्वतःच्या अंगावर काढलं होतं. भात कापणी, मळणी, कांडण, सगळं पोटुशी म्हणून रतनकडूनच जास्त करून घेतलं गेलं, आणि भाकर कमी. भिमा ते बघत होती, आणि मनात ठरवत होती की आज सांगू. मग म्हणायची, उद्या सांगू. एवढ्यात कुंडलिकही बैल सोडल्यावर चुलीपाशी येऊन बसू लागला होता. बोलायचा नाही, पण बसायचा. उद्या सांगू, असं करत तीन महिने गेले.

पौषात एका बाजारच्या दिवशी रतन भोरहून परत आली तेव्हा उन्हं कलली होती. ठकूबाई देवळात गेली होती, पुरुष खळ्यावर होते. रतनने रिकामं फडकं खांद्यावरून टाकलं आणि चुलीपुढे येऊन बसली. पाय भेगाळून रक्ताळले होते. भिमाने ताट पुढे ओढलं. दुरडीत त्या दिवशी तीन भाकरी होत्या. संध्याकाळसाठी म्हणून ठेवलेल्या, पण होत्या. तिने एक ताटात टाकली आणि दुसरीला हात घातला.

"आक्का," रतन म्हणाली, "एक इचारू?"

"इचार."

"पोटात काय हालत न्हाई. पाचवा लागला म्हनत्यात. गावातल्या बाया म्हनत्यात, हालतंय. माझं काय बी हालत न्हाई. पोट तर दिसतबी न्हाई. खरं सांगा, आक्का, हाय ना? मला तर कवाकवा वाटतं, काय न्हाईच."

भिमाचा हात दुरडीतच राहिला. सांगायचं ते सगळं जिभेवर होतं. पोट रिकामं आहे, पोरी, तुझं. तू उपाशी आहेस. भोरला जातेस तर हसीनाबीकडे जा, ती सांगेल, आणि मी तुला आजपासून भाकर ठेवीन, सासूच्या नाकावर टिच्चून ठेवीन. तिने तोंड उघडलं होतं.

"न्हाई म्हंजी," रतन डोळे पुशीत घाईने बोलली, "म्या म्हनते, न्हाई झालं पोर तर बरंच. आत्या परवा माझ्या बाला सांगत हुत्या, पोरगं झालं की भिमीला भाटघरला धाडून द्यायची, फुकटचं पोट कशाला. म्या रडले, आक्का. म्या म्हनलं, आक्काला नगा धाडू. तर म्हनल्या, तू गप बस."

चुलीत एक लाकूड खाली घसरलं. भिमाने ते आत सारलं. सारताना निखारा बोटाला लागला, तरी तिने हात झटकला नाही.

"धनी काय म्हनलं?" तिने विचारलं.

"त्ये काय म्हननार? त्ये म्हनलं, आई म्हनंल तसं."

भिमा थोडा वेळ ताटातल्या एका भाकरीकडे बघत होती. ही पोरगी तिच्यासाठी रडली होती. हे कळलं नसतं तर फार बरं झालं असतं. तिला एकदम रतनचा राग आला, ठकूबाईचा कधी आला नव्हता इतका. तिने दुरडीतला हात रिकामाच बाहेर काढला, दुरडी झाकली आणि ताटातल्या भाकरीवर कोरड्यास वाढलं.

"हालंल," ती म्हणाली. "पयल्या खेपंला उशिरानं हालतंय."

"खरं?"

"व्हय. काय काय बायांचं तर सातव्यात हालतं. आन् कुनाला इचारत बसू नगस. सुईनीकडं तर मुळीच जाऊ नगस, दिष्ट लागती."

रतनचा चेहरा निवळला. कित्येक दिवसांनी तिच्या हिरड्या दिसल्या. तिने भाकर मोडून भराभरा खाल्ली, ताट बोटाने पुसून घेतलं, आणि आणखी काही मिळेल का हे विचारायला लाजून पदराला हात पुसत उठली. उठताना तिचा तोल गेला, तिने खांब धरला. भिमाने तिला सावरलं आणि पाठीवरून हात फिरवला. हाताला मणका न् मणका लागला.

"आक्का, तुमी हायसा म्हनून बरं हाय," रतन म्हणाली. "पान्याला जाऊ?"

कोपऱ्यातला हंडा भरलेला होता. भिमाने दुपारीच भरून ठेवला होता.

"जा," ती म्हणाली. "सांजंला पुरायचं न्हाई."